पाण्यामागोमाग एक दिवस : देवळा तालुक्याची सहल



आपल्याकडचा ऊस उत्पादक गाव सोडून बाहेर पडतो तो मोजक्या कारणांनी. लग्नकार्य, दहावा-तेरावा, देवदर्शन आणि फार तर कारखान्याची अभ्याससहल. पंढरपूर बहुतेकांचे झालेले असते. सप्तशृंगगडाला दरवर्षी जाणे असते. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्रही पुष्कळांनी पाहिलेले आहे. पण आपल्याच जिल्ह्यात, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लोक शेती कशी करतात, पाणी कसे वाटून घेतात, हे मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. तिथे काय पाहायचे, असे आपण म्हणतो.

आपल्या उत्तरेला सातमाळ्याची डोंगररांग उभी आहे. या रांगेच्या दक्षिणेकडे पडलेला पाऊस गोदावरीत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेकडे पडलेला पाऊस गिरणेत जातो, गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि ते पाणी सुरतेपाशी अरबी समुद्रात उतरते. एकाच डोंगराच्या माथ्यावर दोन थेंब शेजारी पडले, तर एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला! एका जिल्ह्यातल्या या दोन खोऱ्यांचे स्वभाव वेगळे, पिके वेगळी, बोलीही वेगळी. गिरणेच्या खोऱ्यातल्या कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांना मिळून लोक ‘कसमादे’ म्हणतात. यातला देवळा वयाने सर्वांत लहान. तो 1999 साली स्वतंत्र तालुका झाला.

आमची सासुरवाडी याच तालुक्यातली. त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला तिकडे जाणे होते. यंदा गळीत हंगाम आटोपला होता, खोडव्याच्या नोंदीही उरकल्या होत्या. म्हणून आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन तालुका फिरावा असे ठरवले. क्रूझर गाडी सांगितली. आमचे कुटुंब, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा, सासूबाई, मेव्हणे आणि त्यांची मंडळी, शिवाय कृषी पदविकेच्या वेळचे आमचे एक वर्गमित्र व त्यांच्या सौभाग्यवती. हे मित्र मूळचे इथलेच, गिरणाकाठचे. गेली वीस वर्षे नाशिकला कंपनीत नोकरीला आहेत. यंदा आखाजीला ते आले होते ते वेगळ्याच कामासाठी. ते काम काय, हे पुढे येईलच.

फिरायचे कसे, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलांना किल्ला हवा होता, सासूबाईंना देव हवा होता. शेवटी आम्ही सुचवले की आपण पाण्याच्या मागोमाग जाऊ. धरणापासून सुरुवात करू आणि पाणी जिथे संपते तिथे थांबू. वाटेत किल्लाही दिसेल, देवही लागेल.

धरणाच्या भिंतीवर

पहाटे पाचला निघालो ते कळवण, अभोणा करीत चणकापूरला पोचलो. ऊन चढायच्या आत पोचलो हे बरे झाले. चणकापूरचे हे मातीचे धरण इंग्रजी अमदानीत, 1911 साली बांधले गेले. शंभर वर्षे उलटून गेली तरी गिरणाकाठचा शेतकरी आजही पहिल्यांदा याच धरणाचे नाव घेतो. पावसाळ्यात ‘चणकापूर भरलं का?’ हा इकडे नमस्कार-चमत्काराच्या जागी विचारण्याचा प्रश्न आहे.

या धरणाची साठवण 2427 दशलक्ष घनफूट. शेजारच्या पुनद धरणाची 1306. पुनद नदीही गिरणेलाच मिळते. आणि पुढे मालेगाव-नांदगावकडे गिरणा नदीवर जे मोठे गिरणा धरण 1969 साली पुरे झाले, त्याची साठवण 18500 दशलक्ष घनफूट. त्याचा लाभ मुख्यतः जळगाव जिल्ह्याला होतो. म्हणजे नदी एकच, पण वरच्याला खालच्याचा आणि खालच्याला वरच्याचा डोळा चुकवता येत नाही.

आमच्या मुलीने विचारले, “दशलक्ष घनफूट म्हणजे किती, ते कसं कळायचं?” प्रश्न रास्त होता. वर्तमानपत्रात हे आकडे रोज वाचणाऱ्या मोठ्या माणसांनाही ते डोळ्यापुढे आणता येत नाहीत. तेव्हा भिंतीवर बसूनच तिच्याकडून हिशेब करून घेतला. तो सभासदांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून इथे देतो.

सुरू उसाला मोकाट पद्धतीने साधारण 250 सेंटीमीटर पाणी लागते. आडसालीला 350 पर्यंत जाते. एका एकरावर 250 सेंटीमीटर पाणी उभे करायचे म्हणजे सुमारे एक कोटी लिटर. आता चणकापूर काठोकाठ भरले तर त्यात 6870 कोटी लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे एक थेंब वाफ न होता, एक थेंब पाझरून न जाता, एक हंडा पिण्याला न देता सगळेच्या सगळे धरण उसाला लावले, तरी सात हजार एकर सुरू ऊसही पुरता भिजणार नाही.

मुलगी हिशेब करून गप्प झाली. आमचे मित्रही गप्प झाले. मेव्हणे मात्र म्हणाले, “भाऊजी, तुम्ही ऊस अधिकारी आहात का उसाचे शत्रू?”

आम्ही म्हटलं, “उसाची काळजी आहे म्हणूनच हिशेब मांडतो.” ज्या उसाला पाण्याचा भरवसा नाही, तो ऊस नोंदीच्या कागदावरच उभा असतो. मे महिन्यात तो जळतो आणि मग सभासदही बुडतो, कारखानाही बुडतो. उलट ठिबकावर तेच पाणी चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाचते. म्हणजे तितक्याच पाण्यात दीडपट ते दुप्पट क्षेत्र, किंवा तेवढ्याच क्षेत्राला उन्हाळ्यातही खात्रीचे पाणी. यापैकी काय निवडायचे ते ज्याने त्याने ठरवावे. आमचे मत दुसऱ्या बाजूला आहे.

‘फड’ म्हणजे काय?

धरणावरून खाली येताना गिरणेच्या काठाकाठाने आलो. उन्हाळ्याचे दिवस, नदीचे पात्र बरेचसे कोरडे, मधे मधे डोह. आवर्तन सुटते तेव्हाच नदी वाहते. मालेगाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी चणकापूरमधून आवर्तन सोडतात, तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी ते मधल्यामध्ये उचलू नये म्हणून मोटारींची वीज तोडली जाते. डोळ्यासमोरून पाणी वाहते आहे, पीक सुकते आहे आणि मोटार बंद. ज्याच्यावर ती वेळ येते त्याला ते झोंबते. पण खाली लाखो माणसे पिण्याच्या पाण्याची वाट पाहत असतात, हेही खरेच.

पाणी वाटून घेण्याची एक जुनी पद्धत या मुलखाने शोधून काढली होती, तिचे नाव फड. आमच्या मुलाला हा शब्द ठाऊक होता, पण ऊसतोडीचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड म्हणून. त्याला वाटले तोडीच्या टोळ्या इथून निघाल्या असाव्यात! इथला फड निराळा. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत गिरणा, मोसम, आरम, पांझरा अशा नद्यांवर लोकांनी दगडी बंधारे घातले होते. काही तर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे. बंधाऱ्याने पाणी थोडे उंचावते आणि पाटाने आपल्या वजनाने चालत शेतात जाते. तिथे इंजिनही नाही, मोटारही नाही.

बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तेच फड. नियम असा की एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू-हरभरा, तिसऱ्यात आणखी एखादे हंगामी पीक आणि एखादा फड पडीत किंवा नुसत्या पावसावर. पुढच्या वर्षी पिके फिरवायची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन बहुतेक फडांत असल्यामुळे उसाचा फायदा एकट्याला नाही आणि पडीताचा तोटाही एकट्याला नाही. पाटाची राखण करायला आणि पाणी द्यायला गावाचा नेमलेला माणूस असायचा. ज्याने त्याने आपापले दारे फोडायचे नाही. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी हजर राहायचे. भांडण झाले तर पंच मिटवायचे.

सभासद बंधूंनो, सहकाराचा धडा आपण 1950 साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून मोजतो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे ते ऋण मोठेच आहे. पण ज्यांनी कधी सहकाराचा कायदा पाहिला नव्हता, ज्यांना ‘उपविधी’ हा शब्द ठाऊक नव्हता, अशा शेतकऱ्यांनी त्याच्याही कितीतरी आधी पाण्याची सोसायटी चालवून दाखवली होती. त्यांचा एक नियम आपण आजही पाळत नाही : पाणी किती हे आधी पाहायचे आणि मग ऊस किती हे ठरवायचे. आपण आधी लागण करतो आणि मग पाणी शोधतो.

पुढे विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचे बारमाही वाहणे थांबले. पुष्कळ ठिकाणी फड मोडले. ज्याचे त्याचे पाणी झाले की ज्याचे त्याचे पीक होते, हे ओघानेच आले.

गणपतीच्या ओट्यावर

वाटेत विठेवाडी लागते. तिथे वसंतदादा पाटलांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. या कारखान्याने भरभराटीचे हंगाम पाहिले तसे बंद हंगामही पाहिले. नाशिक जिल्ह्यातले एकाहून अधिक सहकारी कारखाने बंद पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या कारणांची चर्चा करण्याचे हे ठिकाण नाही. पण चिमणी पाहून मुलाने विचारले, “हिच्यातून धूर का येत नाही?” तेव्हा हंगाम संपला आहे, एवढेच उत्तर देऊन आम्ही गाडी पुढे काढायला सांगितली. कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची थंड चिमणी पाहूनही बरे वाटत नाही.

लोहोणेरचा पूल ओलांडला की पलीकडे ठेंगोडा. हे गाव सटाण्याच्या, म्हणजे बागलाण तालुक्यात जाते. गिरणेच्या काठावर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. पंचक्रोशीत याला मोठा मान. सासूबाईंचा देव इथे लागला. दर्शन करून झाडाच्या सावलीला डबे सोडले. आखाजीचा दुसरा दिवस, त्यामुळे खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया आणि वर कैरीचे लोणचे. नाशिकच्या वहिनींनी खापरावरची पोळी प्रथमच पाहिली नव्हती, पण खाल्ली मात्र पहिल्यांदा खाल्ल्यासारखी.

जेवताना सासूबाईंनी मुलांना देव मामलेदारांची गोष्ट सांगितली. ठेंगोड्याहून सटाणा जवळच. तिथे यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे आणि मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रज सरकारचे मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात लोक अन्नाला मोताद झाले तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला, अशी कथा आहे. पुढे तपासणीला साहेब आले आणि मोजतात तर खजिना भरलेला! 1887 साली महाराज वारले. चमत्कारावर कोणी विश्वास ठेवावा वा न ठेवावा. पण सरकारी कचेरीतल्या एका अंमलदाराला लोकांनी देव मानले आणि त्याचे देऊळ बांधले, ही गोष्ट तर खरी आहे. मेव्हणे आमच्याकडे पाहून म्हणाले, “बघा भाऊजी, ऊस अधिकाऱ्यालाही संधी आहे.” आम्ही म्हटलं, “आधी तोडीची पाळी वेळेवर लावून दाखवू, मग देवळाचं बघू.”

चार एकर आणि एक झोका

दुपारी मित्राच्या मळ्यावर गेलो. गिरणेपासून हाकेच्या अंतरावर चार एकर काळी जमीन, एक विहीर, बांधावर लिंबाची मोठी झाडे. एका झाडाला आखाजीचा झोका बांधलेला. मुली-बाळी झोक्यावर, आणि सावलीत बाजेवर मित्राची आत्या बसलेली. वय ऐंशीच्या घरात. लग्न होऊन साठ वर्षे झाली तरी तिची आखाजी अजून माहेरी होते.

मित्राचे वेगळे काम म्हणजे हे चार एकर विकायचे होते. वडील दोन वर्षांमागे वारले. चुलतभाऊ जमीन वाट्याने करतो. गेल्या काही वर्षांत हाती काही लागत नाही, असे मित्राचे म्हणणे. नाशिकला मुलाच्या शिक्षणाला पैसे हवेत, घराचे हप्ते आहेत. गिऱ्हाईक तयार होते, इसाराचे बोलणेही झाले होते.

आम्ही कांद्याचा हिशेब विचारला. उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत ठेवायचा आणि भावाची वाट पाहायची, अशी इकडची रीत. भाव कोणाच्या हातात? डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे 2024 मध्ये उघडली तीही चाळीस टक्के निर्यातशुल्क लावून. ते शुल्क पुढे वीस टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून उठले. एवढ्या काळात शेतकऱ्याने दोन-तीन पिके काढली, आणि प्रत्येक वेळी पेरताना नियम एक व विकताना दुसरा. डाळिंबाची गोष्ट तशीच. या पट्ट्याला डाळिंबाने बंगले दिले आणि तेल्या रोगाने बागा उपटायला लावल्या.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सांगा ना यांना. उसाला तरी भाव ठरलेला असतो म्हणतात.”

ठरलेला असतो हे खरे. 2025-26 च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये रास्त व किफायतशीर दर केंद्राने ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. कांद्याला तेवढाही आधार नाही. मित्र म्हणाले, “म्हणजे तू म्हणणार, चारही एकर ऊस लाव.”

आम्ही म्हटलं, “नाही. चारही एकर लावू नकोस.”

सगळे आमच्याकडे पाहायला लागले. ऊस विकास अधिकाऱ्याच्या तोंडून हे वाक्य सहसा निघत नाही. पण विहिरीत डोकावून पाहिले होते. एप्रिल अखेरीला पाणी तळाला गेलेले. या विहिरीवर चार एकर मोकाट ऊस म्हणजे विहिरीचा आणि उसाचा दोघांचा जीव घेणे. सकाळचा फडाचा हिशेब ताजा होता, तोच मांडला. एक एकर ऊस, तोही ठिबकावर, पट्टा पद्धतीने. बेणे को 86032 चे, चांगल्या बेणेमळ्यातले. दोन एकरात पावसाळी मका आणि नंतर कांदा. कांद्याला उसाच्या मानाने पाव ते तिसरा हिस्सा पाणी पुरते. चौथ्या एकरात ताग पेरून गाडायचा आणि जमिनीला विसावा द्यायचा. दरवर्षी फिरवायचे. उसाचे पाचट जाळायचे नाही. लागण करण्याआधी ऊस कोण नेणार आणि तोड कधी येणार हे कारखान्याकडून लेखी करून घ्यायचे. यात कोणी बंगला बांधणार नाही. पण एका पिकाने मारले तर दुसरे उभे राहील.

मित्र म्हणाले, “आणि मजूर? आणि मी नाशिकला?” हे प्रश्नही खोटे नव्हते. सल्ला देणारा संध्याकाळी गाडीत बसून निघून जातो, निंदणी-खुरपणीला माणूस मिळत नाही तेव्हा तो जवळ नसतो. चुलतभाऊ एका बाजूला उभा होता. तो एवढेच म्हणाला, “ठिबकचा निम्मा खर्च तू घाल. वाटा निम्मा-निम्मा. तीन वर्षं बघू. नाहीच जमलं तर मग वीक, मी आडवा येणार नाही.”

मग कागदपत्रांचे बोलणे निघाले. 2005 च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा मित्राच्या बहिणीची सही लागणारच होती. तीही तिथेच होती. ती म्हणाली, “सही मागशील तर देईन दादा, पण आनंदाने देईन असं म्हणू नकोस.” आत्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर नव्हते. तिने पूर्वीच, एक लुगडे आणि मायेचे दोन शब्द घेऊन, हक्कसोड लिहून दिली होती. तिला कोणी काही विचारले नव्हते. तिने आपणहूनच विचारले :

“जमीन गयी तं आखाजीले मी कथा येऊ?”

कोणाला उत्तर सुचले नाही. झोक्यावरच्या पोरी तेवढ्या हसत होत्या. मित्र विहिरीकडे गेले आणि बराच वेळ काठावर उभे राहिले. त्यांनी त्या दिवशी काही ठरवले नाही. इसार घेतला नाही, एवढेच आम्ही पाहिले.

पाणी जिथे संपते

उन्हे कलल्यावर देवळ्यात चहा घेऊन पूर्वेकडे निघालो. दक्षिणेला सातमाळा डावी-उजवीकडे पसरलेला. मुलांना किल्ले दाखवले. धोडप त्याच्या खाचेवरून ओळखू येतो. 1768 साली इथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी आपले चुलते राघोबादादा यांचा पराभव केला. घरातली वाटणी घरात मिटली नाही की काय होते, त्याचा तो दाखला. कांचनाच्या बाजूला कांचनबारी. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी मोगल सरदार दाऊदखानाशी या भागात उघड्या मैदानात लढाई दिली आणि जिंकली.

जसजसे पूर्वेला जावे तसतसा हिरवा रंग फिका होत जातो. नदी मागे राहते. मुरमाड माळ, कोरडे नाले, शेततळ्यांचे काळे कागद. तालुका तोच, तहसीलदार तोच, पण लोहोणेरच्या काठाला आणि इकडच्या माळाला एका नावाने हाक मारावी असे वाटत नाही. चणकापूरचा उजवा कालवा वाढवून पाणी इकडे आणा, ही या भागाची मागणी वर्षानुवर्षांची. उमराण्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. इथला कांद्याचा बाजार नावाजलेला. सणामुळे आवार शांत होते. मेव्हण्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर थांबलो. चाळ कांद्याने भरलेली, पण दारात पाण्याचे पिंप झाकून, कुलूप लावल्यासारखे ठेवलेले. त्या गृहस्थांनी आधी पाणी विचारले, मग चहा. आमच्या मुलाने अर्धा पेला पिऊन उरलेले पाणी ओतायला हात उचलला, तर त्या घरच्या लहान मुलीने पेला हातातून घेतला आणि पाणी दारच्या कढीलिंबाच्या आळ्यात नेऊन घातले. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. आमची मुलगी सकाळी कोटी लिटरचे हिशेब करून आली होती, पण तिने वहीत ही गोष्टही लिहून घेतली.

ते गृहस्थ म्हणाले, “पाणी शे तं समदं शे.” पाणी आहे तर सगळे आहे. पुस्तकातली शंभर पाने या पाच शब्दांत येतात.

सभासदांना विनंती

या लेखाचा हेतू प्रवासवर्णनाचा नाही. आपले खोरे तूर्त गिरणेच्या मानाने पाण्याने सुखी आहे. पण सुख पाण्याचे असो की पैशाचे, ते मोजले नाही तर कमी होताना कळत नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, पुढच्या लागणीच्या आधी प्रत्येकाने आपल्या विहिरीचे मे महिन्यातले पाणी किती तास चालते ते लिहून ठेवावे आणि त्यावरून उसाचे क्षेत्र ठरवावे. गटप्रमुखाला क्षेत्र सांगताना हा आकडाही सांगावा. शेतकी विभाग त्याची नोंद घेईल.

दुसरी, एका विहिरीवर किंवा एका चारीवर असलेल्या चार-सहा शेतकऱ्यांनी बसून फडासारखी पिकाची फेरपालट ठरवता येते का ते पाहावे. बंधारा नसला तरी बैठक घेता येते.

तिसरी, एक दिवस काढून घरच्या मंडळींना घेऊन डोंगराच्या पलीकडे जाऊन या. मुलांबरोबर म्हाताऱ्या माणसांनाही न्या. धरण दाखवा, पाट दाखवा, कोरडा माळ दाखवा. जमिनीचे निर्णय आपण बांधावर दोघे-तिघे पुरुष उभे राहून घेतो. त्या निर्णयांशी कोणाकोणाची आखाजी बांधलेली असते, ते गाडीत दहा माणसे असली म्हणजे कळते.

जाणाऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या न विसरता घ्याव्यात. पावसाळ्यानंतर गेलात तर नदी वाहती दिसेल. पण आमचे म्हणणे असे की एकदा तरी उन्हाळ्यातच जावे.